विश्लेषण : तलावावर जीवरक्षक आहे, पण बचावाची रंगीत तालीम कधी झाली?

२२ जून २०२२ रोजी बुडापेस्टमध्ये जागतिक जलतरण स्पर्धा सुरू होती. कलात्मक जलतरणाच्या एकेरी अंतिम फेरीत आपली कामगिरी संपवताच अमेरिकेची अनिता अल्वारेझ पाण्यातच बेशुद्ध झाली आणि तळाकडे जाऊ लागली. तिच्या प्रशिक्षक आणि स्पेनच्या माजी ऑलिम्पिक पदकविजेत्या आंद्रेया फुएंतेस यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून तिला वर आणले. अनिता वाचली. पण तलावाच्या काठावर प्रशिक्षित जीवरक्षक असताना उडी प्रशिक्षकाला का मारावी लागली, हा प्रश्न मागे राहिला. दर उन्हाळ्यात आपल्याकडचे पालिकांचे, क्लबांचे आणि सोसायट्यांचे तलाव मुलांनी भरतात. तेव्हा हाच प्रश्न आपल्यालाही लागू होतो.

बुडापेस्टमध्ये नेमके काय अडले?

जीवरक्षकांना पोहता येत नव्हते, असे नाही. पंचांकडून इशारा मिळाल्याशिवाय जीवरक्षकांनी पाण्यात उतरायचे नाही, असा स्पर्धेचा नियम होता आणि तो पाळला गेला, असे स्पष्टीकरण नंतर यजमानांच्या वैद्यकीय पथकाच्या प्रमुखांनी दिले. म्हणजे माणसे होती, साधने होती, कौशल्यही होते. अडले ते इशारा कोणी द्यायचा, कधी द्यायचा आणि तो आला नाही तर काय करायचे, या साखळीत. फुएंतेस यांना अनिताची सवय माहीत होती. कामगिरीनंतर ती श्वास घ्यायला वर येते. या वेळी ती खाली जाते आहे, हे त्यांच्या लगेच लक्षात आले. एखादी यंत्रणा कागदावर परिपूर्ण असते आणि प्रत्यक्षात तिच्या दोन भागांमधल्या सांध्यावर अडखळते. असे सांधे फक्त सरावात उघडे पडतात.

बुडणारा माणूस ओरडत का नाही?

चित्रपटात बुडणारा माणूस हात हलवतो, ‘वाचवा’ म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. अमेरिकेतील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवरील बुडण्याच्या घटनांचे चित्रण करून त्यांचा अभ्यास केला. पोहता न येणारा माणूस पाण्याच्या पृष्ठभागावर साधारण २० ते ६० सेकंदच झगडू शकतो, असे त्यांना दिसले. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते, त्यामुळे ओरडायला श्वासच उरत नाही. हात मदतीसाठी वर जात नाहीत. ते दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत राहतात. लांबून पाहणाऱ्याला मूल पाण्यात खेळते आहे असे वाटू शकते. आणि अनितासारखी शुद्ध हरपली, तर एवढीही हालचाल दिसत नाही.

जीवरक्षकाच्या अपयशाची तीन कारणेही पिया यांनी मांडली. संकट ओळखताच न येणे, लक्ष ठेवण्याच्या कामात दुसरे काम घुसवले जाणे आणि लक्ष विचलित होणे. यातले दुसरे कारण आपल्याला जवळचे वाटावे. जो जीवरक्षक, तोच प्रशिक्षक, तोच पास तपासणारा आणि तोच क्लोरीन टाकणारा असेल, तर त्या वेळेपुरता तलावावर जीवरक्षक नसतो. हजेरीपटावर तो असतो, एवढेच.

सेकंदांचे गणित काय सांगते?

अमेरिकेतील जीवरक्षक प्रशिक्षणात ‘१०-२०’ हा नियम प्रसिद्ध आहे. आपल्या वाट्याच्या पाण्यावरून १० सेकंदांत नजर फिरवून संकट ओळखायचे आणि पुढच्या २० सेकंदांत त्या व्यक्तीपर्यंत पोहोचायचे. हा नियम आपल्याकडच्या मोठ्या तलावाला लावून पाहू. ऑलिम्पिक आकाराचा तलाव ५० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद असतो. एकच जीवरक्षक लांब बाजूच्या मधोमध बसला आहे आणि बुडणारे मूल बरोबर समोरच्या काठाशी आहे, असे समजा. सरळ पोहत जायचे तर अंतर २५ मीटर, काठाने वळसा घालून जायचे तर ७५ मीटर. डोके पाण्याबाहेर ठेवून, सोबत रेस्क्यू ट्यूब ओढत २५ मीटर २० सेकंदांत कापणे चांगल्या जीवरक्षकालाही जड जाते. मूल तिरप्या अंतरावर असेल तर हिशेब चुकलाच. म्हणजे एका माणसाने कितीही जीव तोडून काम केले, तरी एवढा तलाव त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. हे भूमितीचे बंधन आहे, त्याला मेहनतीचा उपाय नाही. उपाय आहे तो पथक नेमण्याचा, पाण्याचे भाग वाटून घेण्याचा आणि ती वाटणी सरावून ठेवण्याचा.

पथकाचा सराव म्हणजे काय करायचे?

‘मॉक ड्रिल’ म्हटले की आपल्याला भोंगा, फीत आणि छायाचित्रे आठवतात. जीवरक्षकांचा सराव त्याहून साधा आणि कडक असावा लागतो. तलाव उघडण्याआधी पंधरा मिनिटे काढायची. बुडालेल्या व्यक्तीच्या जागी सरावाचा पुतळा पाण्यात सोडायचा. तो कुठे आणि कोणत्या क्षणी सुटणार, हे खुर्चीवरच्या जीवरक्षकाला सांगायचे नाही. स्टॉपवॉच घेऊन एकाने बाजूला उभे राहायचे.

पुढची कामे आधीच वाटलेली हवीत. पहिला जीवरक्षक लांब शिट्टी देतो आणि ट्यूब घेऊन पाण्यात उतरतो. दुसरा त्याच्या वाट्याचे पाणीही आपल्या नजरेखाली घेतो आणि बाकीच्यांना बाहेर काढतो. हे विसरले, तर एकाला वाचवताना दुसरा बुडू शकतो. तिसरा बॅकबोर्ड, अँबू बॅग आणि असल्यास एईडी यंत्र घेऊन ठरलेल्या काठावर येतो. तिकीट खिडकीवरचा कर्मचारी १०८ किंवा ११२ ला फोन करतो. सरावात खरा फोन लावायचा नाही. पण पत्ता, जवळची खूण आणि कोणत्या फाटकाने यायचे, हे मोठ्याने बोलून दाखवायचे. पहारेकरी फाटक उघडून वाटेतल्या दुचाक्या हटवतो आणि रस्त्यावर उभा राहतो.

आणि मग चार वेळा नोंदवायच्या : शिट्टी वाजेपर्यंतची, पुतळ्यापर्यंत पोहोचण्याची, तो काठावर येईपर्यंतची आणि पहिला श्वास दिला जाईपर्यंतची. एईडी असलेल्या कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाकडे आहे, पाठीमागचे फाटक गंजले आहे, दुपारच्या पाळीत दोघेच असतात, पाण्यावर ऊन चमकल्याने अमुक कोपरा दिसत नाही : अशा गोष्टी कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेल्या नसतात. त्या सरावातच कळतात. म्हणून सरावानंतरची पाच मिनिटांची चर्चा सरावाइतकीच महत्त्वाची. ती चर्चा दोष कुणाचा हे ठरवण्यासाठी ठेवली, तर पुढच्या वेळी सगळे ‘उत्तम’ असेच लिहितील.

बाहेर काढल्यावर आधी काय?

इथे आपल्याकडे दोन गैरसमज घट्ट आहेत. पहिला, पोटातले पाणी काढण्याचा. बुडालेल्याला उलटे धरणे, पोट दाबणे यात अमूल्य वेळ जातो. शिवाय पोटातले पाणी-अन्न घशात येऊन श्वासमार्गात जाण्याचा धोका वाढतो. दुसरा गैरसमज नव्या जनजागृतीतून आला आहे. सीपीआर म्हणजे फक्त छातीवर दाब, असे सामान्य नागरिकांना शिकवले जाते. रस्त्यात किंवा घरात अचानक कोसळलेल्या प्रौढासाठी ते योग्यही आहे. बुडण्याचे तसे नाही. बुडालेल्याचे हृदय बहुधा प्राणवायू संपल्याने थांबते, त्यामुळे त्याला पहिली गरज श्वासाची असते. म्हणूनच अमेरिकी मार्गदर्शक सूचना सुरुवातीला दोन, तर युरोपीय सूचना पाच श्वास द्यायला सांगतात. त्यानंतर छातीवर ३० दाब आणि २ श्वास हे चक्र, मिनिटाला १०० ते १२० दाबांच्या वेगाने. एईडी आले की छाती पुसून ते लावायचे, पण त्याची वाट पाहत थांबायचे नाही.

प्राणवायूविना चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. आपल्या शहरांतल्या वाहतुकीत रुग्णवाहिका तेवढ्या वेळात पोहोचेलच, याची खात्री नाही. जीव वाचतो की नाही, हे अनेकदा काठावरच ठरते. दाब देणारा दर दोन मिनिटांनी बदलायला हवा, कारण थकलेल्या हातांचा दाब उथळ होतो. इथेही पुन्हा पथकच लागते.

आपल्याकडे काय बदलायला हवे?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ३८ हजारांहून अधिक लोकांचा बुडून मृत्यू झाला. नदी, विहीर, शेततळे, धरण यांवर बहुधा लक्ष ठेवणारे कुणी नसते. जलतरण तलावाचे तसे नाही. तिथे पाण्याचा तळ दिसतो, खोली माहीत असते, येणाऱ्यांची नोंद होते आणि लक्ष ठेवण्यासाठी पगारी माणूस असतो. तिथे होणारा मृत्यू म्हणूनच जास्त टोचला पाहिजे.

आजची आपली चौकशी मात्र ‘जीवरक्षक नेमला होता का’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते. उत्तर ‘हो’ आले तर एका माणसावर ठपका, ‘नाही’ आले तर कंत्राटदारावर. दोन्ही उत्तरांत पथक कुठेच नसते. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला पट्टीचा पोहणारा उत्तम जीवरक्षक होऊ शकतो, पण आपोआप होत नाही. पोहणे हे एकट्याचे कौशल्य आहे, बचाव हे चार-पाच जणांचे. दर हंगामात कंत्राट बदलले की माणसे बदलतात आणि साधलेला मेळही मोडतो. नव्या पथकाने पहिला प्रेक्षक आत घेण्यापूर्वी सराव केलाच पाहिजे, ही अट कंत्राटातच हवी.

मनुष्यबळ आणि पैसा नाही, हे उत्तर ठरलेले असते. मनुष्यबळाबाबत ते खरे असू शकते. मग एका वेळी पाण्यात सोडायच्या लोकांची संख्या कमी करावी किंवा तलावाचा काही भाग दोरीने बंद ठेवावा. सरावाबाबत मात्र ही सबब चालत नाही. त्याला लागतो एक पुतळा, एक घड्याळ आणि पंधरा मिनिटे.

पालकांनी काय विचारावे?

तलावाच्या प्रवेशद्वाराशी नियमांचा फलक असतो. टोपी सक्तीची, आधी शॉवर घ्या, तेलकट अंगाने उतरू नका. काही ठिकाणी क्लोरीनचे प्रमाणही लिहिलेले असते. त्याच फलकावर एक ओळ वाढवावी : शेवटचा बचाव सराव कोणत्या तारखेला झाला आणि पुतळ्यापर्यंत पोहोचायला किती सेकंद लागले. ती सक्ती पालिकांनी आपल्या तलावांपासून सुरू करावी आणि मग खासगी तलावांच्या परवान्याला जोडावी.

तोवर मुलाची फी भरताना पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. शिकवणारा आणि लक्ष ठेवणारा वेगळा आहे का? जीवरक्षक पाण्यात उतरला तर त्याच्या जागी नजर कोण ठेवणार? आणि शेवटचा सराव कधी झाला? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस तारीख सांगण्याऐवजी ‘आमच्याकडे आजवर काहीच झालेले नाही’ असे म्हणाला, तर फीची पावती फाडण्याआधी थोडे थांबावे.