वेंधळी नव्हे, थकलेली

"अगं, लक्ष कुठे असतं तुझं?" हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई आपल्यात सापडेल का? दूध उतू जातं, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला जातो. आपण हसतो आणि सोडून देतो. पण माझ्या धाकट्या जावेच्या बाबतीत असं हसण्यावारी नेणं आम्हाला महागात पडलं.

तिची आई गेली. पाठोपाठ सासऱ्यांचं आजारपण. ते तिच्याकडे राहायचे, त्यामुळे रात्रीची जागरणं तिच्याच वाट्याला. हळूहळू ती विसरू लागली. भाजीत दोनदा मीठ, मुलाच्या फीची तारीख हुकली, किल्ल्या हरवल्या. मग बोलणंही कमी झालं. आम्ही तिला 'वेंधळी' म्हणून मोकळे झालो. त्यात मीही होते. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, हे नैराश्य आहे.

मैत्रिणींनो, तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचते आहे. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्या एकमेकींना जिथे निरोप देतात, त्या जोडाला सायनॅप्स म्हणतात. हे जोड कायमचे नसतात. शेतातून रोज ये-जा केली की पायवाट पडते, बंद केली की गवत माजतं, तसंच. एरिक कँडेल या शास्त्रज्ञाने समुद्री गोगलगायीवर प्रयोग करून दाखवलं, की शिकताना हे जोड बळकट होतात आणि शिकलेलं दीर्घकाळ टिकतं तेव्हा नवे जोडही फुटतात. या कामासाठी २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

आता दुसरी बाजू. ताण फार काळ राहिला, तर आठवणी साठवण्यात मोठा वाटा असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींच्या फांद्या आखडतात, जोड कमी होतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. ताण सरला की त्या बऱ्याच अंशी पुन्हा वाढतात, हेही दिसलं आहे. माणसाचं नैराश्य एवढं सरळ नसतं, त्याला अनेक कारणं असतात. पण त्यात लक्ष आणि स्मरण ढिलं पडतं, हे नक्की. तो स्वभावाचा दोष नाही, आळस तर नाहीच.

म्हणून मला वाटतं, घरातली बाई विसरू लागली की टोमणा मारण्याआधी विचारावं, "तुला झोप मिळते का गं?" दिवसभरात शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते, आणि आपल्याकडे पहिली काटछाट होते ती बाईच्या झोपेचीच! डॉक्टरांनाही दाखवावं. थायरॉइड किंवा बी-१२ची कमतरता असली तरी विसरायला होतं. नैराश्य निघालं तर लाजू नये. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत ते आपल्या मनाने सोडू नये. जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

जाऊ आता पुष्कळ सावरली आहे. औषधाने सावरली, तशीच सासऱ्यांच्या रात्रीच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या, त्यानेही. हे आधीच करता आलं असतं, नाही का?