औषधांचं खोकं

परवा कपाट आवरताना घरातला औषधांचा डबा हाती लागला. अर्धी संपलेली खोकल्याची बाटली, अँटिबायोटिकच्या उरलेल्या चार गोळ्या, तारीख पुसली गेलेली मलमाची ट्यूब... आणि एकदम ऑगस्ट 2019 आठवला.

सांगली-कोल्हापूरच्या पुराचे दिवस. टीव्हीवर ते पाणी बघवत नव्हतं. सोसायटीत आम्ही चार-पाच जणींनी कपडे, सतरंज्या, बिस्किटं गोळा केली आणि फळ्यावर लिहिलं, "घरातली जास्तीची औषधंही द्या." संध्याकाळपर्यंत तीन खोकी भरली! मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू...

यादी करायला मामेभावाला बोलावलं. दादा फार्मासिस्ट, स्वतःचं दुकान. पठ्ठ्याने जमिनीवर बैठक मारली आणि दोन तासांत तीन खोक्यांचं अर्धं खोकं केलं. "बाकीचं पाठवायचं नाही." मी भडकलेच. "अरे दादा, लोक तिकडे पाण्यात आहेत आणि तू तारखा कसल्या बघतोयस?" तो शांतपणे म्हणाला, "या कापलेल्या पट्टीवर ना नाव, ना तारीख. तिकडे रात्री बॅटरीच्या उजेडात हे कोणी ओळखायचं?"

मग त्याने सांगलीच्या ओळखीच्या एका केमिस्टला फोन लावला. तिकडून मागणी आली ओआरएसची, बीपी-शुगरच्या गोळ्यांची आणि चिखल्यांवरच्या मलमाची. आमच्या तीन खोक्यांत चिखल्यांचं मलम एकही नव्हतं!

राग मात्र बरेच दिवस राहिला. तो गेला पुढे थोडं वाचल्यावर. 1988 मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून निदान 5,000 टन औषधं आणि साहित्य आलं. ते नुसतं निवडून लावायला 50 माणसांना 6 महिने लागले. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात 20 लाखांहून कमी लोकांसाठी सुमारे 4,000 टन औषधं पोचली. फार्मासिस्टांच्याच एका फ्रेंच संघटनेने नंतर मोजदाद केली, तर त्यातली 60 टक्के त्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीतच नव्हती, 70 टक्क्यांवरची लेबलं परक्या भाषेत होती. सुमारे 600 टन माल नष्ट करायची वेळ आली आणि त्याचा खर्च वेगळाच. म्हणजे आमची तीन खोकी, फक्त जहाजं भरून.

जागतिक आरोग्य संघटनेने 1996 मध्येच औषधदानाचे नियम काढलेत. पोचल्यावर मुदत साधारण वर्षभर शिल्लक हवी, लेबल तिथल्या डॉक्टरांना कळणाऱ्या भाषेत हवं आणि रुग्णांनी परत केलेली, घरात उरलेली औषधं तर नकोतच. आम्ही पहिल्याच फटक्यात नापास! दुसरीकडे, 10,000 लोकांना साधारण 3 महिने पुरेल असा औषधांचा तयार संच आंतरराष्ट्रीय संस्था ठेवतात. काय लागेल याचा विचार संकट यायच्या आधीच, डोकं शांत असताना केलेला असतो.

मदतकार्याच्या फोटोंत डॉक्टर दिसतात, जवान दिसतात. गोदामात बसून निवड करणारा फार्मासिस्ट कुठेच नसतो. पण इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवलं नाही तर ते टिकत नाही. पुरानंतर लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिन देतात, ते गरोदर बाईला सरसकट द्यायचं नसतं. हे लक्षात ठेवणारा माणूस गोदामाशी हवाच. "एवढा वेळ कुठे असतो?" असं कुणी म्हणेल. मीही तेच म्हटलं होतं. पण आमच्या टेम्पोला दोन तास उशीर झाला, तेवढाच. ती खोकी तशीच गेली असती तर तिकडच्या दमलेल्या माणसांचे कितीतरी तास खाल्ले असते.

माझं म्हणणं एवढंच, की पुढच्या वेळी फळ्यावर खडू टेकवण्याआधी ओळखीच्या केमिस्टला फोन करा. त्याला शेवटी यादी करायला बोलावू नका, काय मागायचं हे ठरवतानाच बोलवा. आणि तो "नको" म्हणाला तर माझ्यासारखं भांडू नका!

असो. डबा अजून टेबलावर आहे. दादाला विचारून विल्हेवाट लावायची आहे. त्यातलं काहीही कुणाला द्यायच्या लायकीचं नाही, एवढं मात्र आता त्याला न विचारताही कळतं.