मेडिकल टाकली!

सातारा असो की सांगली, सरकारी नोकरीचा विषय निघाला की कट्ट्यावर कुणीतरी म्हणतंच, "त्यांचं काय बाबा, वाटलं की मेडिकल टाकायची!" आम्हा आयटीवाल्यांच्या तोंडी तर हे जरा जास्तच. म्हटलं, एकदा या मेडिकलचा हिशेब मांडूच.

तर मंडळी, महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे कायम कर्मचाऱ्याला वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते. डॉक्टरचा दाखला जोडला की ती 'परिवर्तित' होते. एक दिवस पूर्ण पगारी घ्यायचा, खात्यातून दोन दिवस वजा. म्हणजे २० चे झाले १०. वर्षाला दहा दिवस आजारपण, एवढंच ते घबाड! न वापरलेली साठते हे खरं, पण दोन वर्षांपूर्वी लागलेल्या कारकुनाचा अपघात झाला तर साठलेली असणार कुठून? अर्जित रजा असते, पण निवृत्तीच्या वेळी तिचे ३०० दिवसांपर्यंत पैसे मिळतात, त्यामुळे तिला हात लावताना जीवावर येतं.

खरी गोम पुढे आहे. दोन दिवस ताप आला. किरकोळ रजा वर्षाला आठच, ती लग्नकार्यात आणि जत्रेत संपलेली. दाखला नसेल तर अर्धा पगार, असेल तर पूर्ण. म्हणजे त्या कागदाची किंमत झाली एक दिवसाचा पगार. साध्या तापाला बहुतेक वेळा गोळी आणि झोप पुरते. डॉक्टर लागतो तो कागदासाठी. आणि मग खोटे दाखले निघतात म्हणून आपणच ओरडायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग युजरमध्ये नाही, डिझाईनमध्ये आहे. तीन दिवसांपर्यंत माणसाच्या शब्दावर पूर्ण पगारी रजा द्या, त्यापुढे दाखला मागा. शंका आली तर वरिष्ठांना दुसऱ्या सरकारी डॉक्टरचं मत मागवता येतं, ती सोय आहेच.

असो. पण ही सगळी चर्चा कायम असणाऱ्यांची. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. असं पाणी ओसरल्यावर गाळात उतरणाऱ्यांत ठेक्यावरची माणसंही असतात. कर्मचारी राज्य विमा योजना त्यांना वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार देऊ शकते, पण ते कक्षेत असतील आणि ठेकेदाराने हप्ते भरले असतील तर! या 'तर'मध्येच सगळं अडकतं.

आणि आशाताई? पाटण-जावळीच्या डोंगरात तापाचे रुग्ण शोधत फिरणारी तीच. तिचा बराचसा मोबदला कामागणिक, त्यामुळे ती स्वतः अंथरुणाला खिळली की तेवढा बुडाला. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी द्या असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं, चांगलंच झालं. पण ग्रॅच्युइटी काम सोडताना मिळते. ताप आज आलाय.

कायम कर्मचाऱ्यांनी मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संप केला. त्यांच्यात ताकद आहे, ती दिसली. त्यांच्या पुढच्या मागणीपत्रात या बायकांचे दहा दिवस येतात का, ते मी बघणार आहे.