बी.एस्सी.चा प्रवेश आणि दुसरी नीट

नीटचा निकाल लागला की इचलकरंजीजवळच्या कबनूरच्या कितीतरी घरांत एकाच गोष्टीचा खल सुरू होतो. एमबीबीएसला नंबर लागला नाही. आता पोरीला वर्षभर घरी बसवून रिपीट करू द्यायचं, की बी.एस्सी.ला नाव घालून तयारी करायला लावायची?

दुसरा मार्ग वरवर शहाणपणाचा दिसतो. वर्ष वाया जात नाही आणि विषय तेच. पण विषय तेच असले तरी अभ्यास तो नाही. नीटच्या 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे, म्हणजे 720 पैकी 360 गुण, आणि ते जवळपास सगळे अकरावी-बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांवर. पुस्तकातली आकृती, तिच्याखालची ओळ, तक्त्यातलं एखादं नाव, हे तोंडपाठ लागतं. बी.एस्सी.त मात्र प्रॅक्टिकल असतात, जर्नल पूर्ण करून सही घ्यावी लागते, हजेरी भरावी लागते. दुसऱ्या सत्राची परीक्षा आणि मे महिन्यातली नीट एकमेकींच्या पायात येतात. पहाटे इचलकरंजीचा क्लास, दुपारी कॉलेज, रात्री गल्लीतल्या मागांचा खडखडाट. यात मन लावून वाचायला तास उरतात किती?

म्हणून पूर्ण वर्ष मोकळं ठेवा म्हणणाऱ्यांचं मला पटतं, पण अर्धंच. यंत्रमागावर पिकाच्या (आडव्या धाग्यांच्या) दरानं मजुरी घेणाऱ्या घराला क्लासची फी आणि एका कमावत्या हाताचं वर्ष, दोन्ही सोसावं लागतं. आणि दुसऱ्यांदाही जमलं नाही, तर त्या मुलीच्या हातात काहीच नसतं. 2022 पासून नीटला वयाची कमाल मर्यादा नाही, किती वेळा बसावं यावरही बंधन नाही. ही सवलत चांगलीच आहे. पण त्यामुळे ‘आता पुरे’ म्हणण्याचं काम घरावर येऊन पडलं, आणि ते कोणालाच जमत नाही.

निर्णयाआधी गुण नव्हे, रँक बघावी. 2024 च्या पहिल्या निकालात 67 जणांना पैकीच्या पैकी गुण होते. 2025 मध्ये देशातले सर्वाधिक गुण 686 होते. मागच्या वर्षीच्या गुणांवर यंदाचा हिशेब मांडणाऱ्याची फसगत ठरलेली. राज्याच्या 85 टक्के कोट्यात, आपल्या प्रवर्गात, कोल्हापूरच्या राजर्षी शाहू किंवा मिरजेच्या शासकीय महाविद्यालयात शेवटचा प्रवेश कोणत्या रँकला झाला, तेवढं काढा. अंतर थोडं असेल तर वर्ष मोकळं ठेवणं रास्त आहे, घराला झेपत असेल तर. अंतर मोठं असेल तर माझा कौल बी.एस्सी.ला: प्रवेश मनापासून घ्यावा, कॉलेजला रोज जावं आणि नीट आणखी एकदाच द्यावी. नुसतं नाव घालून कॉलेजला दांडी मारणं सगळ्यात वाईट; त्यात दोन्हीकडचे गुण जातात.

आयुर्वेद, होमिओपॅथीचे प्रवेशही याच नीटवर होतात, हे घरात पहिल्याच दिवशी बोलून ठेवावं. आणि बी.एस्सी.चा प्रवेश घेताना एक चौकशी जरूर करावी: पुढं एमबीबीएसला नंबर लागला, तर टीसी आणि मूळ कागदपत्रं किती दिवसांत परत मिळतील? प्रवेशफेरीची मुदत कॉलेजच्या ऑफिससाठी थांबत नाही.