कोण 'रिव्हायव्ह' करणार, ते सांगा

सोलापूरबद्दलची कुठलीही घोषणा उघडा. शहर 'रिव्हायव्ह' होणार असतं, तलाव 'रिज्युव्हनेट' होणार असतो, चादरीचा धंदा 'रिव्हायटलाइझ' होणार असतो. कोण करणार, ते मात्र वाक्यात सापडत नाही.

मी कोड लिहितो. 'रिफ्रेश' दाबून सर्व्हरवरचा बिघाड जात नाही, हे आमच्यातल्या नवशिक्यालाही कळतं. शहराच्या बाबतीत मात्र आपण तेच बटण दाबून खूश होतो.

'रिज्युव्हनेट'च्या पोटात लॅटिनमधला 'तरुण' आहे. 25 जून 2015 ला आलेल्या 'अमृत' योजनेच्या इंग्रजी नावात हाच शब्द आहे. स्मार्ट सिटी योजनाही त्याच दिवशी आली आणि 2016 च्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर होतं. त्यानंतरही कित्येक वर्षं आम्ही नळाच्या पाण्यासाठी चार-चार दिवस थांबलो. आणि इथले तरुण? सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला. मीही त्यातलाच. तरुण घालवून शहर तरुण कसं होणार?

आपले रोजचे शब्द बघा. कल्हई म्हटलं की कथील आलं, भट्टी आली, कल्हईवाला आला. निखाऱ्यावर फुंकर घालायची तर कुणाला तरी वाकावं लागतं. विहिरीतला गाळ काढायचा तर आत उतरावं लागतं. या शब्दांत काम दिसतं आणि ते करणारा माणूसही.

कुणी म्हणेल, हा इंग्रजीचा राग. अजिबात नाही. 'पुनरुज्जीवन' हा आपला सरकारी शब्दही तितकाच पोकळ वाजतो आणि 'रिपेअर' हा इंग्रजी शब्द अगदी प्रामाणिक आहे. माझं भांडण भाषेशी नाही, शब्दाआड लपणाऱ्यांशी आहे.

1877 साली सुरू झालेली जुनी मिल कधीच बंद पडली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण धंद्यात जान कशी येईल, हे पूर्व भागातल्या यंत्रमागावर उभ्या असलेल्या कामगाराला विचारा. तो 'रिव्हायव्हल' म्हणणार नाही. सूत कितीला, वीज कितीला, मजुरी किती, एवढंच बोलेल. खरी योजना तिथून सुरू होते.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'रिव्हायव्ह' म्हणालं, की तीनच प्रश्न टाका: कोण करणार? कशाच्या बळावर? कधीपर्यंत? उत्तर आलं नाही, तर समजा, पान नुसतं रिफ्रेश झालंय.