अंधांचे वाचन : दया नव्हे, सहभाग

दरवर्षी ४ जानेवारी रोजी जागतिक ब्रेल दिन पाळला जातो. लुई ब्रेल (१८०९-१८५२) यांचा हा जन्मदिन. ते पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे श्रद्धावंत कॅथलिक होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

अंध बांधवांच्या शिक्षणाशी ख्रिस्ती सेवाकार्याचे नाते जुने आहे. ॲनी शार्प या मिशनरी महिलेने १८८७ साली अमृतसरमध्ये भारतातील पहिली अंधशाळा काढली. १९०० साली अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अशीच शाळा सुरू केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये येशूसंघीय फादर जोसेफ स्टॅडेलमन व दृष्टिहीन मार्गारेट कॉफी यांच्या पुढाकाराने झेवियर सोसायटी फॉर द ब्लाइंड उभी राहिली. धार्मिक ग्रंथ ब्रेलमध्ये व पुढे ध्वनिरूपात विनामूल्य पुरवण्याचे कार्य ती करीत आली आहे. या संस्थेच्या पायाभरणीतच एक अंध स्त्री होती, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

ब्रेल बायबल एका हातात मावत नाही. त्याचे डझनभराहून अधिक जाडजूड खंड होतात. छपाई खर्चिक, साठवण अवघड. त्यातच स्वामित्वहक्काचा अडसर होता. भारताने २०१२ साली कायद्यात दुरुस्ती करून तो दूर केला. २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ साली मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र कार्यरत आहे.

म्हणजे कायदा अनुकूल आहे, तंत्रज्ञानही हाताशी आहे. मग उणीव कशाची? माणसांची. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ५० लाख दृष्टिबाधित व्यक्ती आहेत. भ्रमणध्वनी आज त्यांना पुस्तक वाचून दाखवतो; परंतु वाचलेल्यावर बोलायला सोबती देत नाही. शिवाय केवळ ऐकण्याने शुद्धलेखन व शब्दांची ओळख पक्की होत नाही. त्यासाठी बोटांखाली अक्षरेच हवीत. म्हणून ध्वनिपुस्तक हे ब्रेलला पूरक आहे, पर्याय नव्हे.

मार्कच्या शुभवर्तमानातील आंधळ्या बार्तीमयला जमावाने गप्प बसवू पाहिले. प्रभू येशूने मात्र त्याला जवळ बोलावून आधी त्याची इच्छा विचारली. सेवेचा क्रम हाच आहे.

आपल्या धर्मग्रामांना फार मोठ्या निधीची गरज नाही. रविवारची वाचने व धर्मग्रामाची पत्रके आदल्या आठवड्यात युनिकोड मजकुराच्या रूपात पाठवली, तर दृष्टिहीन बांधव ती फोनवर ऐकू शकतील किंवा ब्रेलमध्ये उतरवून घेऊ शकतील. त्यांच्यापैकी कुणी मिस्सामध्ये बोटांनी वाचत पहिले वाचन करील, तेव्हा ते कुणाच्या दयेचे नव्हे, तर मंडळीचे पूर्ण सभासद म्हणून उभे असतील.