विश्लेषण : नवा फोन घेताना कंपनी पाहावी की अपडेटची मुदत?

धान विकल्याचे पैसे हाती आले की गोंदिया जिल्ह्यात रखडलेल्या खरेदीचा विषय निघतो. त्यात मोबाइलही असतो. ‘आधीचा याच कंपनीचा होता, चांगला चालला’ एवढ्यावर अनेकदा निवड होते. हे कारण पुरेसे आहे का?

प्रश्न किती पैशांचा?

2025-26 च्या खरीप हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आहे. म्हणजे 15 हजारांच्या फोनसाठी सहा क्विंटलांहून अधिक धान विकावे लागते. मोबाइलवर 18 टक्के जीएसटी आहे. या किमतीत तो सुमारे 2288 रुपये होतो, म्हणजे जवळपास क्विंटलभर धानाचा भाव.

फोन बदलणे कधी भाग पडते?

सुरू असलेला फोनही निरुपयोगी ठरू शकतो. 2025 मध्ये आयफोन 5एस आणि 6 वर व्हॉट्सअ‍ॅप बंद झाले. जुन्या अँड्रॉइडवर बँकांची अ‍ॅपही अडतात. मात्र केवळ ई-पीक पाहणीसाठी नवा फोन घेण्याची गरज नाही. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. चार्जिंग टिकत नसेल, तर आधी बॅटरी बदलून पाहावी.

एकाच कंपनीचा फोन घेण्यात फायदा काय?

हाताला सवय असते, दुरुस्ती करणारा ओळखीचा असतो. पण संपर्क आणि फोटो गुगल खात्यावर असतील, तर ते दुसऱ्या कंपनीच्या अँड्रॉइड फोनवरही येतात. शिवाय एकाच कंपनीच्या सर्व फोनना सारखी मुदत नसते. सॅमसंगने 2024 मध्ये गॅलेक्सी एस24 ला सात, तर ए16 5जी ला सहा वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. त्याच कंपनीच्या काही स्वस्त फोनना ही मुदत कमी आहे. ती साधारणपणे फोन बाजारात आल्यापासून मोजली जाते, ग्राहकाने घेतल्यापासून नव्हे. त्यामुळे सवलतीत मिळणाऱ्या दोन वर्षे जुन्या मॉडेलची दोन वर्षे आधीच संपलेली असतात.

मग काय पाहावे?

सेटिंग्जमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती दोन वर्षे जुनी असेल आणि फोनवरून पैशांचे व्यवहार होत असतील, तर बदलाचा विचार करावा. नवा घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात : अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील आणि देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावहून अधिकृत सेवा केंद्र किती दूर आहे. 15 हजारांचा फोन सहा वर्षे चालला, तर वर्षाला अडीच हजार पडतात. 10 हजारांचा तीन वर्षांत बदलावा लागला, तर 3333.